व्याजदर वाढतो तेव्हा बिल कुणाच्या नावावर फाटतं?

(पुण्यात तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मित्र-मैत्रिणींनो, आधीच सांगतो, मी अर्थतज्ज्ञ नाही. इंजिनिअरिंग केलं आणि गेली दहा-बारा वर्षं कोड लिहितो. माझ्या कंपनीचा मोठा ग्राहक अमेरिकेत आहे, घरासाठीचं कर्ज इथल्या बँकेचं आहे आणि नातेवाईक निम्मे कोंढव्यात, निम्मे मिरजेत. त्यामुळे अमेरिकेची मध्यवर्ती बँक, आपली रिझर्व्ह बँक आणि आमच्या मामूंची भिशी या तिन्हींचा परिणाम माझ्या घरात एकाच वेळी दिसतो. बोलायला माझ्याकडे एवढंच भांडवल आहे.

आता विषय. ४ मे २०२२, बुधवार. आदल्या दिवशी ईद झाली होती, त्याच दिवशी अक्षय्य तृतीयाही होती. आपल्याकडे बासी ईद चालू होती, घरोघरी शीरखुर्म्याची उरलेली पातेली होती. दुपारी दोन वाजता रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास टीव्हीवर आले आणि रेपो दर ४ टक्क्यांवरून ४.४० टक्के केल्याचं सांगितलं. वेळापत्रकाप्रमाणे बैठक जूनमध्ये होती. ही मध्येच घेतलेली बैठक. २०१८ नंतरची ही पहिली वाढ. त्या दिवशी सेन्सेक्स तेराशे अंकांनी आपटला, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मोठी बातमी तीच होती. आपल्यापैकी बहुतेकांनी ती वाचून पान उलटलं असेल, कारण आपल्याकडे शेअर किती जणांकडे असतात?

पण त्या दिवसापासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत, म्हणजे नऊ-दहा महिन्यांत, सहा वेळा दर वाढला. ४०, ५०, ५०, ५०, ३५ आणि २५. हे शतांश टक्के. बेरीज केली तर अडीच टक्के. ४ चा रेपो ६.५० झाला आणि पुढची दोन वर्षं तिथेच थांबला. नेमक्या याच काळात आपण रोज काय ऐकत होतो? जगात सगळ्यात वेगानं वाढणारी मोठी अर्थव्यवस्था आपली. २०२३-२४ चा विकासदर सरकारनं मे २०२४ मध्ये ८.२ टक्के सांगितला आणि पुढे तो आणखी वर नेला. तेजी आहे, असं सगळेच म्हणत होते.

तेजी आहे तर ब्रेक का लावायचा? आणि ब्रेक लावूनही गाडी धावत असेल, तर धक्के नेमके कोण खातंय?

रेपो म्हणजे काय, ते एका वाक्यात. बँकांना एक-दोन दिवसांसाठी पैसा कमी पडला तर त्या सरकारी रोखे तारण ठेवून रिझर्व्ह बँकेकडून उचल घेतात, त्या उचलीचा दर म्हणजे रेपो. तो वाढला की बँकेचा पैसा महागतो, बँक आपलं कर्ज महाग करते आणि माणूस विचार करतो, राहू दे, गाडी पुढच्या वर्षी घेऊ. कारखानदार म्हणतो, नवी मशीन नको आत्ता. लाखो लोकांनी असा हात आखडता घेतला की मागणी कमी होते आणि भाव चढायचे थांबतात. औषध कसं काम करतं, तर माणसाला खर्च करू न देऊन काम करतं. हे कुणी लपवलेलं नाही. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे प्रमुख जेरोम पॉवेल यांनी ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर भाषणात सांगितलं होतं की महागाई खाली आणताना घरांना आणि उद्योगांना काही त्रास होईल. मला त्या माणसाचं हे बरं वाटलं. निदान तोंडावर सांगितलं.

आपल्याकडे कायद्यानं २०१६ पासून रिझर्व्ह बँकेला एक लक्ष्य दिलेलं आहे. किरकोळ महागाई ४ टक्के ठेवायची, दोन टक्के वर-खाली चालेल. दर ठरवायला सहा जणांची पतधोरण समिती, तीन बँकेचे आणि तीन सरकारनं नेमलेले बाहेरचे. सलग तीन तिमाही महागाई ६ च्या वर राहिली तर बँकेनं सरकारला लेखी कारणं द्यायची. २०२२ मध्ये तशी वेळ पहिल्यांदा आली. नोव्हेंबरमध्ये खास बैठक झाली, पत्र गेलं. त्या पत्रात काय लिहिलंय ते मात्र आपल्याला दाखवलं नाही. जनतेच्या महागाईचा खुलासा जनतेलाच वाचायला मिळाला नाही, हे मला अजून खटकतं.

एप्रिल २०२२ मध्ये महागाई ७.७९ टक्के होती. कशामुळे? फेब्रुवारीत रशियानं युक्रेनवर हल्ला केला, कच्चं तेल भडकलं. सूर्यफुलाचं तेल युक्रेनहून यायचं, ते अडकलं. त्यात एप्रिलच्या शेवटी इंडोनेशियानं पाम तेलाची निर्यात बंद केली. उन्हाळा इतका तापला की गहू होरपळला आणि मे महिन्यात आपल्या सरकारनं गव्हाची निर्यात थांबवली. यात एक तरी कारण असं आहे का, की कोंढव्यातल्या माणसानं कर्ज काढून जास्त खरेदी केली म्हणून भाव वाढले? पुढच्या वर्षी, जुलै २०२३ मध्ये, टोमॅटोनं शंभरी ओलांडली आणि महागाई पुन्हा ७.४४ वर गेली. तेव्हा रेपो ६.५० होता. रेपो दरानं टोमॅटो पिकत नाही. आपल्या महागाई निर्देशांकात तेव्हा खाण्यापिण्याचा वाटा जवळपास ४६ टक्के होता, म्हणजे निम्म्याच्या जवळ जाणारा भाग बँकेच्या हातात नव्हताच.

रिझर्व्ह बँकेची बाजू अशी, आणि ती पोकळ नाही. खाण्याच्या वस्तू महागल्या की काही महिन्यांनी रिक्षावाला भाडं वाढवतो, केस कापणारा दर वाढवतो, कामगार पगार वाढवून मागतो, आणि प्रत्येक जण गृहीत धरतो की भाव वाढतच जाणार. हे गृहीतक एकदा डोक्यात बसलं की काढणं अवघड. मी लहान असताना आमच्या घरी साखरेचं पोतं भरून ठेवायचे, का तर पुढच्या महिन्यात महाग होईल. सगळे असंच करायला लागले तर खरोखरच महाग होते. म्हणून बँक लवकर आणि जोरात पाऊल टाकते. हे मला पटतं. किती जोरात, यावर मात्र त्या सहा जणांतही एकमत नव्हतं. फेब्रुवारी २०२३ ची शेवटची वाढ चार विरुद्ध दोन मतांनी झाली. जयंत वर्मा आणि आशिमा गोयल या बाहेरच्या सदस्यांनी विरोधात मत दिलं. जून २०२४ मध्ये या दोघांनी दर कमी करा म्हणून मत दिलं. बैठकीचं इतिवृत्त चौदा दिवसांनी रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर येतं, कोण काय म्हणालं ते नावानिशी. वाचत जा. टीव्हीवरच्या चर्चेपेक्षा बरंच सभ्य असतं.

आता थोडं अमेरिकेकडे, कारण माझी भाकरी तिथून येते आणि या खोलीतल्या निम्म्या लोकांचीही, हात वर करायला लावत नाही. तिथे मार्च २०२२ मध्ये दर शून्याच्या आसपास होता, तो जुलै २०२३ पर्यंत अकरा वेळा वाढवून ५.२५ ते ५.५० वर नेला. महागाई जून २०२२ मध्ये ९.१ टक्के झाली होती. सगळे पंडित सांगत होते की आता मंदी येणार. आली नाही. उलट जानेवारी २०२३ मध्ये बेरोजगारी ३.४ टक्के झाली, १९६९ नंतरची सर्वांत कमी.

याची कारणं पुष्कळ सांगितली जातात. सरकारनं सढळ हातानं खर्च केला, कोविडच्या काळातली शिल्लक लोकांकडे होती. पण मला त्यातलं एक कारण फार महत्त्वाचं वाटतं. तिथलं नेहमीचं गृहकर्ज तीस वर्षांचं आणि फिक्स्ड दराचं असतं. २०२०-२१ मध्ये कोट्यवधी लोकांनी तीन टक्क्यांच्या आसपास कर्ज बांधून घेतलं. नंतर नव्या कर्जाचा दर आठ टक्क्यांच्या जवळ गेला, तरी या लोकांचा हप्ता एका सेंटनंही वाढला नाही. दर वाढला तो पुढे घर घेऊ पाहणाऱ्या तरुणांसाठी. ज्यांचं घर झालं होतं ते आरामात जेवत होते, हॉटेलं भरलेली होती आणि तेजी चालू होती.

मग धक्का कुठे बसला? जिथे फुकटच्या पैशावर धंदा चालला होता तिथे. म्हणजे स्टार्टअपमध्ये. शून्य टक्क्याला पैसा मिळतो तेव्हा गुंतवणूकदार दहा वर्षांनी होणाऱ्या नफ्याची वाट बघतो. सरकारी रोखेच पाच टक्के द्यायला लागले की तो विचारतो, नफा यंदा किती? तिथल्या कंपन्यांनी खर्च कापला आणि त्या खर्चातला मोठा हिस्सा म्हणजे आपण. देशातल्या तीन मोठ्या आयटी कंपन्यांची कर्मचारीसंख्या २०२३-२४ या एका वर्षात मिळून साठ हजारांहून जास्त कमी झाली. सगळं खापर व्याजदरावर फोडता येणार नाही, कोविडमध्ये भरतीही वारेमाप झाली होती. तरी कॅम्पस मुलाखतीत निवड झालेली मुलं वर्ष-वर्ष जॉइनिंगची वाट बघत घरी बसली, हे तुम्ही पाहिलंय. त्यात तुमच्यापैकीही काही असतील. वॉशिंग्टनमधल्या बैठकीत बारा लोक हात वर करतात आणि मिरजेच्या पोराचा ऑफर लेटर ड्रॉवरमध्ये पिवळा पडतो. घरचे त्याला विचारतात, बेटा, तुझ्यातच काही कमी आहे का रे?

आपल्या देशात उलटं आहे. इथे गृहकर्ज बहुतेक फ्लोटिंग. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी नव्या फ्लोटिंग गृहकर्जाचा दर बाहेरच्या एखाद्या मापाला जोडायचा असा नियम झाला. बहुतेकांनी रेपोला जोडला. रेपो अडीच टक्के वाढला, की तुमचं कर्ज अडीच टक्के वाढलं. नवं असो, जुनं असो.

मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. दर महिन्याला शिल्लक मुद्दलावर व्याज लावायचं, हप्ता वजा करायचा, मुद्दल शून्य होईपर्यंत हे करत राहायचं. पंधरा ओळींचं काम. तीस लाख रुपये, वीस वर्षं, ६.७५ टक्के, जो २०२२ च्या सुरुवातीला साधारण मिळणारा दर होता. हप्ता येतो २२,८११ रुपये. हप्ते २४०. आता हप्ता तोच ठेवून फक्त दर वाढवत जा, कारण बहुतेक बँकांनी तेच केलं. हप्त्याला हात लावला नाही, मुदत ताणली, म्हणजे गिऱ्हाइकाला कळतच नाही. आठ टक्क्याला २४० चे ३१५ हप्ते होतात. साडेआठला ३८०. नऊ टक्क्याला ५७५, म्हणजे जवळजवळ अठ्ठेचाळीस वर्षं. आणि ६.७५ मध्ये पूर्ण अडीच मिळवून ९.२५ केले, तर लूप थांबतच नाही. प्रोग्रॅममध्ये मी आधीच एक हजार महिन्यांची मर्यादा घातली होती म्हणून तो बाहेर आला. कारण साधं आहे. तीस लाखांवर ९.२५ टक्क्यांनी एका महिन्याचं व्याजच २३,१२५ रुपये होतं आणि हप्ता आहे २२,८११. माणूस दर महिन्याला इमानदारीनं हप्ता भरतोय आणि कर्ज तीनशे रुपयांनी वाढतंय. अशा वेळी बँकेला हप्ता वाढवावाच लागतो. वीस वर्षांत फेडायचं तर तो २७,४७६ होतो. महिन्याला साडेचार हजारांवर जास्त.

माझ्यासारख्याला ते जमतं. वर्षाची पगारवाढ त्यात गेली, एवढंच. पण साडेचार हजार म्हणजे कुणाच्या तरी घरातली मुलांच्या क्लासची फी असते.

आणि तेजीचं म्हणाल, तर माझा आवडता आकडा दुचाकीचा आहे. २०१८-१९ मध्ये देशात दोन कोटी अकरा लाखांहून जास्त दुचाकी विकल्या गेल्या. २०२३-२४ मध्ये, विकासदर ८ च्या वर असताना, सुमारे एक कोटी ऐंशी लाख. पाच वर्षांनीही जुना आकडा गाठता आला नाही. याच काळात मोटारींची विक्री ३४ लाखांवरून ४२ लाखांवर गेली आणि तो विक्रम होता. दुचाकी कोण घेतं आणि मोठी गाडी कोण घेतं, हे मी सांगायला नको. दुचाकी महागण्याला नवे नियम, विमा अशी इतर कारणंही आहेत. तरीही तेजी कुठल्या मजल्यावर आहे ते दिसतं. मे २०२४ च्या त्याच सरकारी अंदाजात लोकांच्या खासगी खर्चाची वाढ फक्त ४ टक्के दाखवली होती. जीडीपी ८.२ आणि घरांचा खर्च ४.

यात आपण, म्हणजे मुसलमान समाज, कुठे आहोत? इथे मी थोडा वेळ घेणार आहे, कारण वर्तमानपत्रात याबद्दल ओळसुद्धा येत नाही.

मी आत्ता जो नियम सांगितला, दर रेपोला जोडायचा, तो बँकांना लागू आहे. गृहवित्त कंपन्या आणि फायनान्स कंपन्यांना नाही. त्यांचा दर त्यांच्या स्वतःच्या मापानं ठरतो. रेपो वाढला की तो वर जातो. रेपो उतरला की त्यांना आठवण यायला वेळ लागतो. मग बँकेचं कर्ज कुणाला मिळतं आणि फायनान्स कंपनीकडे कुणाला जावं लागतं, हा प्रश्न येतो. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंद आहे की काही बँकांनी मुस्लिम वस्तीचे भाग नकारात्मक क्षेत्र म्हणून बाजूला काढले होते, तिथे कर्ज सहजासहजी मिळत नसे. त्याच अहवालात हेही आहे की आपल्यात नोकरदारांपेक्षा स्वतःचा छोटा धंदा करणाऱ्यांचं प्रमाण जास्त आहे. पगाराची स्लिप नाही, तीन वर्षांची विवरणपत्रं नाहीत, धंदा रोखीचा.

माझ्या खालाचा मुलगा, माझ्याहून मोठा, फॅब्रिकेशनचं काम करतो. ग्रिल, गेट, जिने. हातात कला आहे. २०२१ मध्ये त्यानं फ्लॅट घेतला. एका बँकेच्या एजंटनं पत्ता ऐकला आणि म्हणाला, "भाईजान, कागद सगळे ठीक आहेत, पण या पिनकोडला आमच्याकडे फाइल होत नाही. उगाच अर्ज करून सिबिल खराब करू नका." अर्ज घेतलाच नाही, त्यामुळे नाकारल्याची कुठेही नोंद नाही. शेवटी एका गृहवित्त कंपनीनं अठरा लाख दिले, ११ टक्के, पंधरा वर्षं. माझं कर्ज त्या वेळी सातच्या आत होतं. आम्ही एकाच मोहल्ल्यात वाढलो, एकाच शाळेत गेलो.

दीड वर्षात त्याचा दर १३ वर गेला. हप्ता तोच, २०,४५९. त्याला वाटलं, आपल्याला काही झालं नाही. एका रविवारी मी त्याचं स्टेटमेंट त्याच प्रोग्रॅममध्ये घातलं. उरलेले हप्ते १६२ असायला हवे होते, ते २२६ झाले होते. पाच वर्षांहून जास्त. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे अयान ग्रॅज्युएट होईल तेव्हा संपणार होतं, ते आता त्याच्या लग्नापर्यंत चालणार?" भाभी आतून म्हणाल्या, "लग्न तरी कर्ज न काढता करू."

यातून पुढे काय होतं बघा. २०२५ मध्ये वारं फिरलं. महागाई इतकी उतरली की ऑक्टोबर २०२५ मध्ये ती पाव टक्क्यावर आली. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारीपासून दर कमी करत नेले, ६.५० चे डिसेंबरपर्यंत ५.२५ झाले. विकासदर त्या वेळीही ८ च्या पुढे होता. म्हणजे तेजी आहे म्हणून दर वाढतो असं काही नाही, बँक बघते ती महागाईकडे. माझ्या कर्जाचा दर प्रत्येक वेळी आपोआप उतरला, मला फोनसुद्धा करावा लागला नाही. माझ्या भावाचा उतरला पाव टक्का. चढताना दोन, उतरताना पाव. ज्या माणसाला बँकेनं दारातून परत पाठवलं, त्याच्या वाट्याला चढ पूर्ण आला आणि उतार आलाच नाही. हे कुणी ठरवून केलं असं मी म्हणत नाही. व्यवस्थेची जोडणीच तशी झाली आहे आणि आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ठाऊक असतं, जोडणीतला दोष हा कुणी वाईट माणूस बसवत नाही, तो कुणी तपासत नाही म्हणून राहतो.

त्याहून खालच्या पायरीवर भिशी आहे, सोनं गहाण ठेवणारा आहे, महिना तीन टक्क्यांनी देणारा आहे. त्यांना रेपो वाढला काय, उतरला काय, सारखंच. महिना तीन म्हणजे वर्षाला छत्तीस. पतधोरण समितीतले सहा जण पाव टक्क्यावर तीन दिवस चर्चा करतात आणि ती चर्चा या माणसापर्यंत पोहोचतच नाही.

आता तुमच्यातले काही जण मनात म्हणत असतील, आम्ही व्याज घेतही नाही, देतही नाही, आमचा काय संबंध? ही ज्याची त्याची श्रद्धा आहे, तिच्या फिकहमध्ये मी शिरणार नाही, तेवढा माझा अभ्यासही नाही. बिनव्याजी बँकिंगला वाट द्यावी असं रघुराम राजन यांच्या समितीनं २००८ मध्ये सुचवलं होतं. रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्ये तो विचार पुढे न्यायचा नाही असं ठरवलं. तो मोठा विषय आहे, कधीतरी वेगळा घ्या. मला एवढंच म्हणायचंय की कर्ज न काढल्यानं माणूस रेपोच्या बाहेर जात नाही. तुम्ही भाड्यानं राहता? घरमालकाचा हप्ता वाढला की अकरा महिन्यांनी करारात तो तुमच्याकडून वसूल होतो. तुम्ही नोकरी करता? मालकाची कॅश क्रेडिट महागली की पहिली थांबते ती भरती. यंत्रमागाचं जॉबवर्क करता? सूत उधारीवर येतं आणि त्या उधारीत व्यापाऱ्याचं व्याज मुरलेलंच असतं. खात्यावरचं व्याज न घेता पैसे तसेच ठेवले, तर महागाई ते खाते आणि बँक ते पैसे दुसऱ्याला नऊ टक्क्यांनी देतेच. व्याज हा आपल्या घरी फक्त हलाल-हरामच्या चौकटीत बोलला जाणारा विषय आहे. तो रोजगाराचा आणि नागरिकत्वाचाही विषय आहे, आणि त्या बाजूनं आपण गप्प आहोत. आपल्या वस्तीत पाण्यासाठी मोर्चा निघतो, रेशनसाठी निघतो. "आमच्या पिनकोडला कर्ज का नाही", यासाठी निघालेला मी अजून पाहिला नाही.

करता येण्यासारखं काय आहे, ते पटकन सांगतो. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं एक परिपत्रक काढलं, बँका आणि गृहवित्त कंपन्या दोघांनाही लागू. दर बदलताना हप्त्यावर आणि मुदतीवर काय परिणाम होणार ते कर्जदाराला कळवायचं. हप्ता वाढवायचा की मुदत, की दोन्ही थोडं थोडं, हे त्याला निवडू द्यायचं. आपल्या धोरणानुसार फिक्स्ड दरावर जायचा पर्याय देणंही २०२५ पर्यंत बंधनकारक होतं. दर तिमाहीला स्टेटमेंट द्यायचं, ज्यात किती हप्ते उरले ते लिहिलेलं असेल. आणि माझ्या प्रोग्रॅमसारखा प्रकार, हप्ता भरूनही कर्ज वाढत राहणं, होऊ द्यायचा नाही. माझ्या भावाला यातलं कुणीही सांगितलं नव्हतं. आम्ही परिपत्रकाची प्रत घेऊन त्या कंपनीच्या शाखेत गेलो. काउंटरवरच्या मुलीनं ते पहिल्यांदाच पाहिलं होतं, बिचारी प्रामाणिकपणे म्हणाली, "सर, याची झेरॉक्स मी ठेवू का?" अर्ज दिला, पोच घेतली. महिन्याभरात त्याचा दर पाऊण टक्क्यानं उतरला. बाकीचा उतरवायला कर्ज बँकेत हलवायचंय, त्याची खटपट चालू आहे. फ्लोटिंग दराच्या गृहकर्जाला मुदतीआधी फेडल्याचा दंड वैयक्तिक कर्जदाराला लागत नाही, हेही लक्षात असू द्या.

दुसरं, कर्ज तोंडी नाकारू देऊ नका. अर्ज लेखी द्या, पोच मागा. अर्ज नाकारला तर मुख्य कारणं लेखी कळवणं बँकांवर बंधनकारक आहे. "पिनकोड" हे कारण कुठलीही बँक कागदावर लिहिणार नाही आणि म्हणूनच कागद मागायचा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, घरबसल्या, फी नाही. आपल्या वस्तीतून अशा पन्नास पोचपावत्या गोळा झाल्या तर आपल्याकडे बोलायला पुरावा असेल. सच्चर समितीनंतर वीस वर्षं होत आली, नवे आकडे कुणी आपल्याला आणून देणार नाही.

तो प्रोग्रॅम मोबाइलवर चालतो, मराठीत आहे, उर्दूत करायला एक मैत्रीण मदत करतेय. ज्यांनी घरच्या कर्जाचं स्टेटमेंट आणलंय, त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे या. शिल्लक मुद्दल, दर आणि हप्ता, तीन आकडे लागतात. नाव-पत्ता झाकून ठेवा.

आता प्रश्न घेऊ.